समुद्रावर एका दिवसाची सहल: आधी भरती बघा, मग वार ठरवा

बहुतेक घरांत आधी किनारा ठरतो, मग रविवार. भरती-ओहोटी आठवते ती वाळूत पाय ठेवल्यावर. पोरं बरोबर असतील तर हा क्रम उलटा करा.

पहिलं काम, भरतीचं वेळापत्रक काढणं. भरतीपासून ओहोटीपर्यंत बहुतेक ठिकाणी सव्वासहा तासांच्या आसपास लागतात आणि ही वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. म्हणजे गेल्या रविवारी सकाळी ओहोटी होती, तर या रविवारी त्याच वेळी जवळपास भरती असणार. लहान मुलांसाठी सकाळी आठ-नऊला ओहोटी येईल असा दिवस निवडा. खेळायला भरपूर ओली वाळू मिळते. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, तेव्हाचे दिवस टाळलेलेच बरे.

मग परतीची वेळ ठरवा, निघायची नंतर. दहा ते चार ऊन सगळ्यांत कडक. स्वतःची सावली उंचीपेक्षा आखूड दिसली की आवरायला घ्या. सकाळी सातला पोचून साडेदहाला निघालात तर शहरात शिरताना गर्दीही कमी लागते. सूर्यास्त बघून निघायचा मोह सगळ्यांनाच होतो, म्हणून तर त्या वेळी रस्ता तुंबतो! सनस्क्रीन एसपीएफ ३० किंवा जास्त, दर दोन तासांनी आणि पाण्यातून बाहेर आल्यावर पुन्हा. छत्रीखाली बसणाऱ्यांनीही लावावं, कारण कोरडी वाळू सुमारे १५ टक्के अतिनील किरण परतवते.

पोचल्यावर लगेच पाण्यात धावू नका. पाच मिनिटं उभं राहून लाटा बघा. दोन्ही बाजूंना लाटा फुटतायत आणि मधला पट्टा शांत, गडद दिसतोय, फेस त्यातून आत खेचला जातोय? नवख्याला तीच जागा सुरक्षित वाटते, पण पाण्याची ओढ तिथेच असते. त्यात कुणी सापडलंच तर किनाऱ्याकडे झगडत पोहू नये. तरंगत राहावं, हात वर करावा, जमलं तर किनाऱ्याला समांतर पोहून बाहेर पडावं. जीवरक्षक असतील तिथेच उतरा. लाल-पिवळा झेंडा म्हणजे त्यांची नजर असलेला भाग, नुसता लाल म्हणजे धोका.

मुलांचे कपडे भडक नारिंगी किंवा गुलाबी घ्या. निळा पाण्यात दिसेनासा होतो. हवेची ट्यूब समुद्रात नकोच, वारा तिला आत नेतो. पाण्याजवळ एका मोठ्या माणसाची पाळी लावा, अर्ध्या तासाची, मोबाइल पिशवीत ठेवून. ‘सगळेच लक्ष देतायत’ म्हणजे कुणीच देत नाही. खडकांवर जाणार असाल तर भरती चढायच्या आत परता, नाहीतर मागची वाट पाण्याखाली जाते.

सामान थोडकंच: पिण्याचं पाणी भरपूर, टोप्या, कोरडे कपडे, कचऱ्याची पिशवी. आणि कॉर्नफ्लोअरची एक पुडी. गाडीत बसण्याआधी पायांवर चोळा, ओल शोषली जाते आणि चिकटलेली वाळू हाताने झटकली तरी पडते.