टॅग शेवटच्या ओळीत असतो: घरातल्या अभंगांची नावं कशी लावली

अण्णांना दिसायला कमी झालं तेव्हापासून ते मोबाइलवर बोलून गाणं शोधतात. एकदा त्यांनी चार वेळा ‘जनाबाई’ म्हटलं आणि चारही वेळा पडदा कोराच राहिला. आमचं घर गंगाखेडचं, जनाबाईच्या गावचं. घरातल्या हार्ड डिस्कवर ४,२६० गाणी, त्यात जनाबाईचे अभंग किती तरी, पण एकाही फायलीच्या टॅगमध्ये तिचं नाव नव्हतं. होतं काय? ‘ट्रॅक ०७’, गाणी भरून देणाऱ्या कुठल्याशा वेबसाइटचा पत्ता, नाहीतर नुसती प्रश्नचिन्हं.

मी परभणीला कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. पुस्तकाची नोंद चुकली की ते पुस्तक कपाटात असूनही हरवतं, हे मी रोज बघते. गाण्यांचंही तेच. मागच्या दिवाळीपासून रोज रात्री तासभर बसून मी ही सगळी गाणी लावली. ज्यांच्या घरी अशीच जुनी गाणी पडून आहेत त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

आधी एक फरक लक्षात घ्या. फायलीचं नाव वेगळं आणि टॅग वेगळा. टॅग म्हणजे फायलीच्या पोटात ठेवलेली चिठ्ठी: गाण्याचं नाव, गायक, अल्बम, संगीतकार, गीतकार, वर्ष, अनुक्रमांक, चित्र. मोबाइलमधली बहुतेक प्लेअर ही चिठ्ठी वाचतात, फायलीचं नाव नाही. म्हणून फायलींना कितीही नेटकी नावं दिली तरी प्लेअरमध्ये पुन्हा ‘अननोन आर्टिस्ट’च दिसतं.

हात लावण्याआधी

सगळ्या गाण्यांची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर काढा आणि ती डिस्क कपाटात ठेवा. हे मी ऐकून होते, केलं नव्हतं. मे महिन्यात सहाशे फायलींचे टॅग एकदम सेव्ह करत असताना लाइट गेली. जुन्या डेस्कटॉपला बॅटरी नाही. अकरा फायली अर्धवट राहिल्या, त्यातल्या दोन अण्णांच्या भजनी मंडळाच्या होत्या. त्यांच्या मूळ कॅसेटी बुरशी लागून गेलेल्या, त्यामुळे ती दोन भजनं आता कुठंच नाहीत.

असं का होतं तेही सांगते. एमपीथ्रीचा मुख्य टॅग फायलीच्या सुरुवातीला असतो आणि त्याच्यामागं थोडी रिकामी जागा सोडलेली असते. नवी माहिती त्या जागेत मावली तर तेवढीच लिहिली जाते. मावली नाही, विशेषतः चित्र घातल्यावर, तर पूर्ण फाइल नव्यानं लिहावी लागते. नेमकी तेव्हा वीज गेली की फाइल तुटते. म्हणून लॅपटॉपवर काम करा किंवा इन्व्हर्टर असू द्या, आणि एका वेळी पन्नासच्या वर फायली सेव्ह करू नका.

कशानं दुरुस्त करायचं

विंडोजवर मी एमपीथ्रीटॅग नावाचं सॉफ्टवेअर वापरते. लिनक्सवाल्यांसाठी किडथ्री चांगलं आहे. म्युझिकब्रेन्झ पिकार्ड हे तिसरं. ते गाण्याच्या आवाजाचा ठसा काढून इंटरनेटवरच्या यादीशी ताडून बघतं. सिनेमाची गाणी, मोठ्या कंपन्यांचे अल्बम त्यानं पटापट ओळखले. पण स्थानिक कॅसेटी, भीमगीतं आणि भजनी मंडळांची रेकॉर्डिंगं त्या यादीत नसतील तर ते काय ओळखणार? शिवाय कधीकधी ते एका अल्बममधलं गाणं दुसऱ्याच संकलनात नेऊन बसवतं. त्यानं सुचवलेलं सेव्ह करण्याआधी डोळ्यांखालून घाला.

एमपीथ्रीटॅगमध्ये बऱ्याच फायली एकदम निवडल्या की डावीकडच्या चौकटीत, जिथं माहिती वेगवेगळी असेल तिथं, ‘कीप’ असा शब्द दिसतो. म्हणजे आहे तसं राहू दे. तिथं काही टाइप केलं तर ते निवडलेल्या सगळ्या फायलींना लागतं. अल्बमच्या नावासाठी ही सोय सोन्यासारखी. पण गाण्याच्या नावाच्या चौकटीत चुकून काही लिहिलं तर पन्नासही गाण्यांचं नाव एकच होईल.

फायलींची नावं ठीक आणि टॅग रिकामे असतील तर ऑल्ट आणि २ दाबा. तिथं फायलीचं नाव कसं रचलं आहे ते सांगायचं: आधी अनुक्रमांक, मग गायक, मग गाणं. प्रत्येकासाठी ठरलेला इंग्रजी शब्द टक्क्याच्या दोन चिन्हांमध्ये लिहिला की ते सॉफ्टवेअर फायलीच्या नावाचे तुकडे पाडून ज्याच्या त्याच्या खान्यात टाकतं. खाली नमुना दिसतो, तो बघूनच पुढं जा.

प्रश्नचिन्हं, डबे आणि परकी अक्षरं

देवनागरी बिघडते ती चार तऱ्हांनी, आणि चारींचा इलाज वेगळा.

चौकोनी डबे दिसत असतील तर घाबरू नका. टॅग शाबूत आहे, त्या प्लेअरकडे देवनागरी फाँट नाही एवढंच. तीच फाइल मोबाइलवर उघडून बघा.

प्रश्नचिन्हं दिसत असतील तर बहुधा अक्षरं गेलीच. कुणीतरी देवनागरी मजकूर इंग्रजीपुरत्या खान्यात कोंबला आणि न मावलेल्या प्रत्येक अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह पडलं. तिथं नव्यानं टाइप करण्यावाचून इलाज नाही.

डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ‘ए’ पुन्हा पुन्हा येत असेल, तर मजकूर जिवंत आहे. युनिकोड म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना आकडे ठरवून देणारी सामाईक यादी. तिच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइटांचं असतं आणि पहिला बाइट कायम एकच. वाचणाऱ्यानं तो मजकूर युरोपी लिपी समजून वाचला की तोच ‘ए’ दर तीन चिन्हांनी येतो. कोडपेज, म्हणजे अक्षरं वाचायची पद्धत, बदलणाऱ्या साधनानं हा मजकूर परत मिळू शकतो. दहा-वीस गाणी असतील तर मी सरळ टाइप करते, तेच लवकर होतं.

चौथी तऱ्हा जुन्या डीटीपीच्या फाँटांची. युनिकोड घरोघर येण्याआधी छापखान्यात मराठी जे टाइप व्हायचं ते आतून रोमन अक्षरंच असायचं, फक्त फाँट मराठी दाखवायचा. कुणी कॅसेटच्या वेष्टनाचा तसला मजकूर टॅगमध्ये चिकटवला असेल तर अर्थहीन रोमन अक्षरं दिसतात. फाँट बदलून देणारे कन्व्हर्टर मिळतात, त्यातून मजकूर युनिकोडमध्ये आणा.

हे पुन्हा होऊ नये म्हणून एमपीथ्रीटॅगच्या सेटिंगमध्ये एमपीथ्रीच्या टॅगची जी आयडीथ्री पद्धत, तिची २.३ आवृत्ती आणि युनिकोडची यूटीएफ-१६ पद्धत निवडा. २.४ नवी आहे, पण बऱ्याच गाड्यांतल्या आणि जुन्या स्पीकरांतल्या प्लेअरना ती वाचता येत नाही.

आमच्याकडे अभंग आणि गवळणींचा प्रकार ‘ब्लूज’ दिसायचा. अण्णांनी विचारलंसुद्धा, “हे ब्लूज काय म्हणायचं बाई?” सगळ्यात जुन्या टॅगमध्ये संगीत प्रकारासाठी एकच बाइट होता, म्हणजे एक आकडा, आणि शून्य म्हणजे ब्लूज, हा अमेरिकेतला एक संगीत प्रकार. एखादं सॉफ्टवेअर तो खाना न भरता शून्य ठेवून गेलं की विठ्ठलाचा अभंग ब्लूज होतो. त्याच जुन्या टॅगमध्ये नावाला तीसच जागा, म्हणून लांब नावं मध्येच तुटलेली दिसतात. प्रकाराच्या खान्यात मी अभंग, गवळण, भारूड, भीमगीत, नाट्यगीत, कव्वाली असे आपले शब्द टाइप केले. नव्या टॅगमध्ये कुठलाही शब्द चालतो.

दुरुस्त करून, सेव्ह करूनही जुनंच नाव दिसतंय? मग त्या फायलीत एपीई नावाचा दुसरा टॅग लपलेला असेल. एमपीथ्रीटॅगमध्ये ‘टॅग’ हा रकाना बघा, तिथं कळतं. तो काढून टाका.

एकच माणूस, पाच नावं

‘भीमसेन जोशी’, ‘पं. भीमसेन जोशी’, ‘पंडित भीमसेन जोशी’ आणि इंग्रजीतली दोन रूपं. प्लेअरच्या लेखी हे पाच गायक. एक रूप ठरवा, वहीत लिहा आणि तेच वापरा. मी पदव्या गाळल्या, कारण यादीत नाव नावाच्या अक्षरावर सापडायला हवं.

आपल्या लिपीतली एक खाच मात्र मला महिनाभर कळली नव्हती. ‘वारकऱ्यांचे’ हा शब्द दोन तऱ्हांनी टाइप होतो. दिसायला तंतोतंत सारखा, पण आत ‘ऱ’ची चिन्हं वेगळी. ‘ॲ’चंही तसंच: एक सबंध चिन्ह, दुसरं ‘अ’वर चंद्र ठेवलेलं. काही प्लेअर या दोघांना वेगळं धरतात, मग शोधल्यावर निम्मीच गाणी येतात. म्हणून सगळं टाइपिंग एकाच कीबोर्डवरून करा आणि बाहेरून चिकटवलेला मजकूर शोधा-बदला करून एकसारखा करून घ्या.

अनुक्रमांक आणि वर्ष मात्र इंग्रजी अंकांतच लिहा. देवनागरी आकडा प्लेअरला बऱ्याचदा आकडा वाटत नाही आणि क्रम विस्कटतो. वर्ष वेष्टनावरचं घाला. आमच्याकडे शेकडो गाण्यांना २०११ लागलं होतं, कारण दादानं त्या साली कॅसेटी कॉम्प्युटरवर घेतल्या.

संतांचं नाव कुठल्या खान्यात

अभंगाचा ‘आर्टिस्ट’ म्हणजे गाणारा. संतांचं नाव गीतकाराच्या खान्यात. एमपीथ्रीटॅगमध्ये हा खाना समोर दिसत नाही. ऑल्ट आणि टी दाबून विस्तारित टॅग उघडा आणि ‘लिरिसिस्ट’ जोडा. ‘लिरिक्स’ नव्हे, ती जागा गाण्याच्या पूर्ण शब्दांची. चाल ज्यांची ते ‘कंपोझर’मध्ये.

वेष्टन हरवलंय, टॅग कोरा आहे, मग अभंग कुणाचा हे कसं ओळखायचं? आपल्या संतांनी ती सोय सातशे वर्षांपूर्वीच करून ठेवली आहे. अभंगाच्या शेवटच्या कडव्यात नाममुद्रा असते. ‘तुका म्हणे’ तर सगळ्यांना ठाऊक आहे. ‘एका जनार्दनी’ म्हणजे पैठणचे एकनाथ, देवगिरीच्या जनार्दनस्वामींचे शिष्य. ‘बाप रखुमादेवीवरू’ म्हणजे ज्ञानदेव. ‘नामयाची जनी’ म्हणजे आमची जनाबाई. ‘म्हणे गोरा कुंभार’ आलं की तेरचे गोरोबाकाका. कुठलंही सॉफ्टवेअर ओळखणार नाही असा टॅग अभंगाच्या आतच आहे.

शेवटी धृपद पुन्हा गातात, म्हणून अगदी शेवटाला जाऊ नका. फाइल संपायच्या मिनिटभर आधी आणून सोडा. गायक मधलं कडवं गाळतात, मुद्रेचं सहसा गाळत नाहीत. या रीतीनं एका रविवारी माझे नव्वद अभंग लागले. सावध राहायची जागा एकच: ‘नामा’ ही मुद्रा नरसीच्या नामदेवांची, तशीच एकनाथांच्या काळातल्या विष्णुदास नाम्याचीही. तिथं छापील गाथा उघडून खात्री करा.

गीतकाराचा खाना सगळीच प्लेअर शोधात धरत नाहीत. म्हणून मी गाण्याच्या नावापुढं रेघ मारून संतांचं नावही लिहिलं. ग्रंथालयाच्या शिस्तीत हे बसत नाही, पण अण्णांना गाणं सापडणं महत्त्वाचं.

अल्बम फुटतो तेव्हा

आठ गायकांचा एक अल्बम आठ ठिकाणी दिसत असेल तर ‘अल्बम आर्टिस्ट’ भरा. सगळ्या गाण्यांना तिथं ‘विविध गायक’ लिहा, अल्बम एकत्र येतो. उलटही होतं: ‘भक्तिगीते’ नावाचे तीन वेगळे अल्बम एकात मिसळतात. तिथं अल्बमच्या नावातच फरक करा.

चित्रासाठी वेष्टनाचा फोटो चौकोनी कापून ६०० बाय ६०० एवढा लहान करा. मोबाइलचा तीन एमबीचा फोटो तसाच घातला तर चार हजार गाण्यांत बारा जीबी नुसत्या चित्रांचे होतील.

भजनी मंडळाच्या पेन ड्राइव्हची गोष्ट निराळी. देवळातला स्पीकर टॅग बघत नाही, देवनागरीही दाखवत नाही. तिथं फायलींची नावं इंग्रजी अक्षरांत, पुढं ०१, ०२ असे आकडे इंग्रजीत लावून ठेवते. काही स्पीकर तर फायली ज्या क्रमानं कॉपी झाल्या त्याच क्रमानं वाजवतात. तेव्हा पेन ड्राइव्ह रिकामा करून एकेक फाइल क्रमानं टाकावी लागते.

घरची रेकॉर्डिंगं

ही मी सगळ्यात शेवटी घेतली, कारण इथं अण्णांशिवाय गत्यंतर नव्हतं. एकादशीच्या रात्रीच्या कॅसेटी, वर नुसतं ‘भजन’ लिहिलेलं. अण्णा डोळे मिटून ऐकत. एका फायलीत गाणं सुरू व्हायच्या आधी कुणीतरी दोनदा खाकरलं. अण्णा लगेच म्हणाले, “मोठे काका हायेत हे. लिही.” मग पखवाजाची थाप ऐकून थांबले, “ह्यो वाजवणारा धारखेडचा. म्हंजे देवळाचा सभामंडप व्हायच्या आधीचं हाय.” गायक, वादक, गाव, एकादशी, सगळं मी टिप्पणीच्या खान्यात लिहिलं. अल्बमचं नाव ‘कार्तिकी एकादशी, गंगाखेड’ असं आणि अल्बम आर्टिस्ट म्हणून मंडळ. या फायली वेव्ह नावाच्या प्रकारात होत्या, आणि वेव्हमधले टॅग बरीच प्लेअर वाचत नाहीत. म्हणून त्या फ्लॅक नावाच्या दुसऱ्या प्रकारात बदलल्या. आवाज कणभर कमी होत नाही, जागा कमी लागते आणि टॅग नीट टिकतात.

शेवटी गाणी मोबाइलवर टाकून प्लेअरच्या सेटिंगमधून पुन्हा स्कॅन लावा, नाहीतर तो जुनीच यादी दाखवत राहील.

ज्यांची ओळख लागली नाही अशी ३८ रेकॉर्डिंगं उरली आहेत. त्यांच्या प्रकाराच्या खान्यात ‘ओळख बाकी’ लिहून ठेवलं, म्हणजे ती एका ठिकाणी येतात. एकादशीला गंगाखेडला गेले की मोबाइल देवळात घेऊन जाते आणि म्हाताऱ्या माणसांना ऐकवते. मागच्या खेपेला दोन ओळखली गेली.