गोळ्यांचा डबा भरलेला, पोटाचा घेर तेवढाच: व्यायाम आणि पूरक गोळ्यांच्या बाबतीत या चुका टाळा

मराठवाड्यात चाळिशी ओलांडलेल्या बाईच्या घरी फ्रिजवर औषधांचा एक डबा हमखास सापडतो. थायरॉइडच्या गोळ्या, कॅल्शियमच्या पट्ट्या, सरकारी दवाखान्यातली लोहाची लाल गोळी, ड जीवनसत्त्वाची म्हणजे डी-३ ची पुडी आणि जिमला जाणाऱ्या भाच्यानं आणून दिलेली पावडर. एवढं सगळं घेऊनही शुगर काठावरच, पोट सुटलेलं, जिना चढताना धाप. गोळी चांगली आहे की नाही हे सगळ्याच विचारतात. ती कशासाठी आणि कशाबरोबर घ्यायची, हे फार कमी जणी विचारतात, आणि गडबड तिथंच होते.

व्यायामाचं काम गोळीवर सोपवणं

अमेरिकेत 2002 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांना आठवड्याला 150 मिनिटं व्यायाम आणि वजन 7 टक्क्यांनी उतरवणं एवढंच उद्दिष्ट दिलं होतं. मधुमेह होण्याचं प्रमाण 58 टक्क्यांनी कमी झालं. पुढे 2019 मध्ये तशाच 2,400 हून जास्त लोकांवर रोज 4,000 युनिट ड जीवनसत्त्व देऊन प्रयोग झाला, पण मधुमेह टळण्यात म्हणावा असा फरक दिसला नाही. कारण सरळ आहे. काम करणारा स्नायू इन्सुलिनच्या मदतीशिवायही रक्तातली साखर ओढून घेतो. हे काम कुठलीही कॅप्सूल करत नाही. जेवण झाल्यावर दहा-पंधरा मिनिटं चाललात तर जेवणानंतर चढणारी साखर कमी चढते, आणि त्याला पैसा लागत नाही.

मग गोळ्या बंद करायच्या का? मुळीच नाही. राज्यातल्या 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी आहे, असं 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दिसलं. हिमोग्लोबिन 12 च्या खाली गेलं की दोन चकरांत दम लागतो आणि बाई म्हणते, मला व्यायाम झेपत नाही. तिला आधी लोह हवं. उणीव तपासून भरून काढायची, म्हणजे व्यायाम अंगी लागतो. तपासणी न करता ‘ताकदीच्या’ गोळ्या खाण्यात मात्र काही अर्थ नाही.

सगळ्या गोळ्या सकाळच्या चहाबरोबर

ही चूक मला सगळ्यात जास्त खटकते, कारण बाई नेमानं औषध घेते आणि ते वाया जातं. चहा लोह शोषू देत नाही. कॅल्शियमही लोहाच्या आड येतं. आणि लोह असो की कॅल्शियम, थायरॉइडची गोळी दोन्ही नीट शोषू देत नाहीत. मग महिनोन्‌महिने गोळी चालू असूनही रिपोर्ट हलत नाही आणि डोस वाढत जातो.

साधारण असं बसवा: थायरॉइडची गोळी उठल्या उठल्या साध्या पाण्याबरोबर, चहा त्यानंतर अर्ध्या-एक तासानं. लोहाची गोळी दुपारी जेवणानंतर दोन तासांनी, लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर. तिच्या आगेमागे दोन तास चहा नको. कॅल्शियम रात्रीच्या जेवणात. थायरॉइडची गोळी आणि लोह-कॅल्शियम यांच्यात किमान चार तास जाऊ द्या. लोहानं शौचाला काळं होतं, त्याला घाबरून गोळी सोडू नका. पोटात फारच मळमळलं तर दोन घास खाऊन घ्या.

डी-३ ची 60,000 युनिटची पुडी सहसा आठवड्यातून एकदाच असते. ती रोज घेऊ नका. रक्तात कॅल्शियम वाढून उलट्या, बद्धकोष्ठता आणि मूतखड्यापर्यंत प्रकरण जातं.

“दिवसभर राबते, वेगळा व्यायाम कशाला?”

खुरपणी, कापूस वेचणी हे कष्टच आहेत, ते नाकारण्याचा हक्क कुणालाच नाही. पण ते हंगामापुरते असतात, आणि तासन्‌तास वाकून एकाच ठेवणीत होतात. रब्बी आटोपली की हालचाल एकदम थांबते. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार गेल्यावर दुपारी बाहेर पडण्याचा हट्ट करू नका. पहाटे चाला, किंवा घरातच खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठा-बसा, भिंतीला हात टेकून दंड काढा, पाण्यानं भरलेल्या बाटल्या उचला. आठवड्यातून दोन दिवस असा ताकदीचा व्यायाम हवाच, नुसतं चालून भागत नाही.

ज्यांची गर्भपिशवी कमी वयात काढली आहे, त्यांना तर हे जास्तच लागू. बीडच्या ऊसतोड बायकांच्या या शस्त्रक्रियांचा प्रश्न 2019 मध्ये विधिमंडळात आला, समितीही नेमली गेली. पिशवीबरोबर अंडाशयंही काढली असतील तर हाडं लवकर झिजतात, कोलेस्टेरॉल वाढतं. अशा बाईला फक्त कॅल्शियमची पट्टी देऊन घरी पाठवणं अपुरं आहे.

पावडर आहे, प्रोटीन नाही

साठ किलोच्या बाईला दिवसाला सुमारे 50 ग्रॅम प्रथिनं लागतात. भाकरी, पातळ वरण आणि ठेचा यांत ती भरत नाहीत. वरण घट्ट करा, मटकी, हरभरा, दही, शेंगदाण्याची चटणी, चालत असेल तर अंडी वाढवा. त्यानंतर कमी पडलं तर पावडर. डब्यामागचं लेबल वाचा, बऱ्याच ‘हेल्थ’ पावडरींत साखरच जास्त असते. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय डबा उघडू नका. चरबी जाळणाऱ्या कॅप्सूल तर घेऊच नका. ग्रीन टीच्या तीव्र अर्कानं आणि गार्सिनिया या फळाच्या अर्कानं यकृताला इजा झाल्याची प्रकरणं नोंदली गेली आहेत.

उपवास, शुगरची गोळी आणि पायी वारी

नवरात्रात नऊ दिवसांचा उपवास धरून तुळजापूरला पायी जाणाऱ्या बायकांनी हे नीट वाचावं. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल, पोट रिकामं असेल आणि वर चाल असेल, तर साखर 70 च्या खाली घसरू शकते. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी आली की लगेच तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून प्या. निघण्याआधीच डॉक्टरांकडून डोस बदलून घ्या. पायाला मुंग्या येत असतील तर अनवाणी चालू नका.

सगळं पाळूनही फरक नाही?

वजनकाटा बाजूला ठेवून कंबर मोजा, 80 सेंटिमीटर ही बायकांसाठी मर्यादा. तीन महिन्यांची सरासरी साखर तीन महिन्यांनीच तपासा, दर पंधरवड्याला नाही. मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी बरीच वर्षं चालू असेल तर बी-१२ बघून घ्या, ते त्यानं कमी होतं आणि थकवा जात नाही. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर थायरॉइडचा रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो. रक्त देण्याआधी किमान दोन दिवस ते बंद ठेवा आणि लॅबमध्ये तसं सांगा.