‘याचे काकाही उशिराच बोलले’: मुलांच्या वाढीतल्या आणि शिकण्यातल्या अडचणी ओळखताना या चुका टाळा

गेल्या वर्षी इंदूरच्या लोकमान्य नगरातल्या एका घरी गेले होते. अडीच वर्षांचा नातू फरशीवर पालथा पडून खेळण्यातल्या गाडीचं एकच चाक फिरवत होता. दोन-तीनदा हाक मारली, त्याने मान वळवली नाही. आजी म्हणाल्या, "अहो ताई, याचे काकाही चार वर्षांचे झाल्यावर बोलले. आज बँकेत मॅनेजर आहेत." आई गप्प होती. निघताना तिने जिन्यात मला मोबाइल दाखवला. सहा महिन्यांपासून काढून ठेवलेले व्हिडिओ होते त्यात. तिला कधीच दिसलं होतं, पण घरात कुणी तिला विचारलं नव्हतं.

असं एक तयार उत्तर बहुतेक घरांत असतं. मुलगे उशिराच बोलतात. एकुलता आहे, लाडावलाय. हुशार आहे पण आळशी. या उत्तरांवर एकेक वर्ष निघून जातं. मी बारा वर्षं इंदूरच्या शाळांमध्ये तिसरी-चौथीला शिकवलं आणि मग विशेष शिक्षणाकडे वळले. ‘आळशी’ हा शेरा मीही प्रगतिपुस्तकावर लिहिला आहे. एका मुलाला चुकलेले शब्द दहा-दहा वेळा लिहायला लावून मधल्या सुट्टीत वर्गात बसवून ठेवलं आहे. त्याच्या वहीतल्या चुका तेव्हा मला वाचता आल्या नाहीत, याचं दुःख अजून आहे. म्हणून हे लिहितेय.

‘अजून लहान आहे, थोडं थांबून बघू’

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. मुलं आपापल्या वेगाने वाढतात हे खरं, पण त्या वेगालाही मर्यादा असते. दोन महिन्यांच्या सुमारास बाळ आपल्याकडे बघून हसतं. नऊ महिन्यांपर्यंत ‘बाबाबा, दादादा’ सुरू होतं. वर्षभराचं मूल नावाने हाक मारली की वळतं, हवं ते बोटाने दाखवतं, टाटा करतं. सोळा महिन्यांपर्यंत एकही अर्थपूर्ण शब्द नसेल, किंवा दोन वर्षांपर्यंत ‘पाणी दे’, ‘बाबा आले’ असे दोन शब्द मूल स्वतःहून जोडत नसेल, तर त्याला बालरोगतज्ज्ञांना दाखवायचं. टीव्हीवरची जाहिरात जशीच्या तशी म्हणणं यात धरत नाहीत. आणि आलेले शब्द गळाले, आधी करत असलेला टाटा थांबला, तर कुठल्याही वयात एक दिवसही थांबायचं नाही.

शब्दांपेक्षाही बोटाकडे लक्ष द्या, असं मी आयांना नेहमी सांगते. रस्त्यात गाय दिसली की मूल गायीकडे बोट करतं आणि मग तुमच्याकडे बघतं: तुम्हीही पाहिलीत ना? हे मागणं नव्हे, हे वाटून घेणं आहे. दीड वर्षापर्यंत ते दिसायला हवं. आईचा हात धरून फ्रिजपर्यंत नेणारं, पण कधीच काही ‘दाखवत’ नसलेलं मूल असेल, तर ऑटिझमच्या, म्हणजे स्वमग्नतेच्या दृष्टीने तपासणी करून घ्यावी.

निदान पक्कं व्हायला वेळ लागतो, काही वेळा वर्षसुद्धा. पण स्पीच थेरपी किंवा खेळातून संवाद वाढवण्याचं काम निदानासाठी अडून राहत नाही. पुढे शंका खोटी ठरली तरी मुलाचं काही बिघडलेलं नसतं.

‘ताट वाजवलं की वळतो, म्हणजे ऐकू येतं’

बोलायला उशीर होत असेल तर पहिली तपासणी कानांची. घरी ताट वाजवून, मागे टाळी मारून आपण खात्री करून घेतो. पण ताटाचा आवाज केवढा मोठा! ‘स’, ‘फ’, ‘थ’ हे आवाज फार हलके असतात, आणि बोलण्याचा अर्थ अशाच व्यंजनांवर टिकून असतो. मोठा आवाज ऐकू येणाऱ्या मुलालाही बोलणं अर्धवट ऐकू येत असू शकतं. वारंवार सर्दी होऊन कानाच्या पडद्याआड पाणी साठलं तरीही असंच होतं. ओएई आणि बेरा या कानांच्या तपासण्या अगदी तान्ह्या बाळाच्याही करता येतात. बेरा तर बाळ झोपलेलं असतानाच करतात, सुई लागत नाही.

चॉकलेटचा कागद वाजला की पळत येणारं, पण नावाने हाक मारल्यावर न वळणारं मूल असेल, तर तेही जसंच्या तसं डॉक्टरांना सांगा. त्यांच्यासाठी ती मोलाची माहिती असते.

‘तीन भाषांमुळे गोंधळलाय, घरात मराठी बंद करा’

इंदूरच्या मराठी घरांमध्ये हा सल्ला इतक्या वेळा ऐकलाय की त्यावर जरा जास्त लिहिते. आपलं मूल घरी मराठी, गल्लीत आणि स्कूल व्हॅनमध्ये हिंदी आणि शाळेत इंग्रजी ऐकतं. मागे पडलं की शाळेतून निरोप येतो, "घर पर सिर्फ़ इंग्लिश में बात कीजिए." काही वेळा डॉक्टरही तेच सांगतात. मग घरात सगळे तुटक इंग्रजीत बोलू लागतात, ‘कम हिअर’, ‘सिट डाउन’, ‘ईट फास्ट’. आणि आजी, जी दिवसभर त्याच्याशी गप्पा मारायची, चिऊकाऊच्या गोष्टी सांगायची, ती बिचारी बोलायचंच थांबते.

अनेक भाषा कानांवर पडल्याने भाषेचा विकार होत नाही. ऑटिझम किंवा भाषाविकार असलेली मुलंही दोन भाषा शिकू शकतात. ज्या मुलाला बोलणं आधीच कमी जमतंय, त्याच्यासमोरचं सगळ्यात श्रीमंत बोलणं आपण काढून घेतो, हे त्याचं मोठं नुकसान.

शब्द मोजताना तिन्ही भाषांचे मिळून मोजा. ‘दूदू’, ‘बॉल’, ‘कुत्ता’ हे तीन शब्द धरायचे. खरी अडचण असेल तर ती सगळ्या भाषांमध्ये दिसते. घरी मराठीत अख्खी गोष्ट सांगणारं मूल वर्गात इंग्रजीत गप्प बसत असेल, तर बहुधा त्याला इंग्रजीचा सराव कमी आहे. तसंच ‘बाळ’ला ‘बाल’, ‘डोळा’ला ‘डोला’ म्हणणं. आजूबाजूच्या हिंदीत ‘ळ’ नसतो, म्हणून इथे तो मुलांच्या तोंडात उशिरा बसतो. त्यासाठी थेरपिस्टकडे पळायला नको. पण पाच वर्षांच्या मुलाचं निम्मं बोलणं परक्या माणसाला कळत नसेल, तर मात्र जायला हवं.

इंटरनेटवरची यादी देवनागरी वहीला लावणं

‘बी’ आणि ‘डी’ उलटे काढतो म्हणजे डिस्लेक्सिया (वाचन-लेखन शिकण्यातली अडचण), असं आई-वडील वाचून येतात. सहा-सात वर्षांपर्यंत अक्षरं आरशातल्यासारखी उलटी काढणं सर्रास असतं, तेवढ्यावरून काही ठरत नाही. आणि मुळात ती यादी रोमन लिपीची. आपल्या लिपीत गाडी वेगळ्या ठिकाणी अडते. ऱ्हस्व इ उच्चारात नंतर येते, पण वेलांटी अक्षराच्या आधी काढावी लागते. रफार ज्या अक्षराच्या डोक्यावर बसतो, उच्चार त्याच्या आधी होतो. म्हणून ‘कर्म’ आणि ‘क्रम’ या मुलांना सारखेच वाटतात. मात्रा गळतात, जोडाक्षरातला अर्धा भाग हरवतो, ‘घ’ आणि ‘ध’, ‘म’ आणि ‘भ’ यांची अदलाबदल होते. दुसरीतल्या मुलाने या चुका केल्या तर त्यात काही विशेष नाही, जोडाक्षरं पक्की व्हायला वेळ लागतोच. चौथीतही जात नसतील आणि वाचन रखडत असेल तर विचार करायचा. ‘नाही’ऐवजी ‘नाहीं’ लिहिणं हा शाळेतल्या हिंदीचा परिणाम, तो यात धरू नका. निव्वळ ऱ्हस्व-दीर्घही धरू नका, ते मोठ्यांचंही चुकतं.

आणखी एक गोष्ट घरी हमखास निसटते. देवनागरीत जसं लिहिलंय तसं बरंचसं वाचता येतं. त्यामुळे डिस्लेक्सिया असलेलं मूल हिंदी हळूहळू का होईना, बरोबर वाचतं, आणि इंग्रजीत साफ कोसळतं, कारण तिथे अक्षर आणि उच्चार यांचा मेळ कच्चा. घरचे म्हणतात, फक्त इंग्लिश वीक आहे, ट्यूशन लावू. तेव्हा हिंदीचा वेग बघा. एकेक अक्षर जुळवत वाचतोय का? ओळ संपेपर्यंत सुरुवात विसरतोय का? चुका कमी असल्या तरी हा संथपणा खूप काही सांगून जातो.

नीटनेटकी वहीही फसवते. फळ्यावरून उतरवणं म्हणजे वाचणं नव्हे. काही मुलं धडा ऐकून पाठ करतात आणि पानावर डोळे ठेवून घडाघडा म्हणतात. अशा वेळी न शिकवलेल्या पानावरचा, ओळीच्या मधलाच एखादा शब्द दाखवून विचारावा. मी ज्याला सुट्टीत बसवलं होतं, तो असाच पाठ म्हणायचा. 1896 मध्ये प्रिंगल मॉर्गन या इंग्रज डॉक्टरांनी चौदा वर्षांच्या एका मुलाबद्दल लिहिलं होतं: चलाख, खेळात पुढे, पण वाचता येत नाही. शिकवणं सगळं तोंडी असतं तर हा शाळेतला सर्वांत हुशार मुलगा ठरला असता, असं त्याचे मास्तर म्हणत. सव्वाशेहून जास्त वर्षं झाली, आणि आपण अजून अशा मुलाला आळशी म्हणतो.

यावर जास्तीची ट्यूशन चालत नाही, कारण तिथे तीच पद्धत पुन्हा दोन तास. उपयोग होतो तो आवाज सुटे करून खेळण्याचा (‘कमळ’मधला ‘क’ काढला तर काय उरलं?), अक्षर बघत, म्हणत आणि वाळूत किंवा रव्यात बोटाने गिरवत शिकण्याचा, रोज वीस मिनिटं, पायरी-पायरीने. गणिताची अडचण याहून निराळी. पाढे धडाधड म्हणतो, पण 38 मोठे की 83 सांगताना अडतो, दुकानात किती पैसे परत येतील हे कळत नाही, घड्याळ वाचता येत नाही.

‘टीव्हीसमोर तासभर बसतो की!’

बसतो, कारण पडद्यावर दर काही सेकंदांनी नवीन काही घडतं. एडीएचडीमध्ये, म्हणजे लक्ष न टिकण्याच्या आणि अतिचंचलपणाच्या अडचणीत, लक्ष अजिबात नसतं असं नाही. ते हवं तिथे, हवं तितका वेळ ठेवता येत नाही. फक्त शाळेत किंवा फक्त घरी त्रास असेल तर दुसरी कारणं आधी शोधतात. लक्षणं एकाहून जास्त ठिकाणी, निदान सहा महिने आणि बारा वर्षांच्या आत सुरू झालेली असावी लागतात. झोप, नजर, कान, रक्तातलं लोह, थायरॉइड हेही बघून घ्यावं. वर्गात दंगा करणारे मुलगे लवकर नजरेत भरतात. खिडकीबाहेर बघत बसलेली, डबा विसरणारी, अर्धी उत्तरपत्रिका कोरी ठेवणारी मुलगी ‘शांत, गुणी’ म्हणून राहून जाते. तिच्याकडे जरा बघा.

लवकर बरं करणाऱ्यांच्या मागे लागणं

घाबरलेले आई-वडील काहीही करतात, त्यांना दोष देववत नाही. पण ऑटिझमवर स्टेम सेलचे उपचार मान्य नाहीत. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2022 मध्येच त्यांच्याविरुद्ध भूमिका घेतली आहे. रंगीत चष्म्याने डिस्लेक्सिया जात नाही. डोळ्यांवर पट्टी बांधून मेंदू ‘जागा’ करणारी शिबिरं पैसे घेतात, हाती काही देत नाहीत. लसीमुळे ऑटिझम होतो असं सुचवणारा 1998 चा शोधनिबंध लॅन्सेटने 2010 मध्ये मागे घेतला, तरी त्या भीतीने धाकट्या भावंडाच्या लसी थांबवणारी घरं मी पाहिली आहेत. गोवर आला तर काय होतं, ते त्यांनी बालरोगतज्ज्ञांना विचारावं.

स्पीच थेरपिस्ट किंवा विशेष शिक्षक निवडताना भारतीय पुनर्वास परिषदेचा म्हणजे आरसीआयचा नोंदणी क्रमांक विचारा. विचारायला लाजू नका, खरा माणूस लगेच दाखवतो.

कागदाला घाबरणं

‘सर्टिफिकेट घेतलं की शिक्का बसेल, उद्या लग्नात अडचण येईल.’ मुलगी असेल तर हे हमखास ऐकायला मिळतं. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, 2016 मध्ये 21 प्रकार आहेत. ऑटिझम, बौद्धिक अक्षमता आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता (डिस्लेक्सिया यातलाच) त्यात येतात, एडीएचडी मात्र त्यात स्वतंत्रपणे नाही. अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र सर्वसाधारणपणे आठ वर्षांनंतर मिळतं, पण मदत सहाव्या वर्षीही सुरू करता येते. प्रमाणपत्र असेल तर सीबीएसईच्या परीक्षेत तीन तासांच्या पेपरला एक तास जादा, लेखनिक आणि भाषेच्या विषयात सवलत मिळू शकते. दहावीच्या वर्षी जागे होऊन धावपळ करणारे पालक दर वर्षी भेटतात. आठवी-नववीतच कागद तयार ठेवा.

पैशांची ओढाताण असेल तर सुरुवात सरकारी ठिकाणी करा. 2013 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी मोफत होते आणि पुढच्या उपचारांसाठी जिल्ह्यातल्या ‘शीघ्र हस्तक्षेप केंद्रा’त पाठवतात. अंगणवाडीत किंवा जिल्हा रुग्णालयात विचारा.

पहिल्या भेटीला जाताना दोन वर्षांच्या जुन्या वह्या न्या, नीट केलेल्या नकोत, जशा आहेत तशा. घरी खेळतानाचा, जेवतानाचा एकेक मिनिटाचा व्हिडिओ न्या, कारण दवाखान्यात मूल वेगळंच वागतं. अनंत चतुर्दशीच्या मिरवणुकीतल्या झाँक्यांत ढोल वाजला की कानांवर हात दाबून किंचाळतो, पोह्यांवर शेव असली तरच खातो, अशा बारीकसारीक गोष्टी लिहून न्या. आणि दिवसभर मूल ज्यांच्याजवळ असतं त्यांना सोबत न्या.

लोकमान्य नगरातल्या त्या आजी आता नातवाबरोबर स्पीच थेरपीला जातात. थेरपिस्टने घरात मराठीच बोला म्हटल्यावर त्यांना आधी खरंच वाटलं नव्हतं. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयच्या चौकोनात, दुधाच्या हिशेबाशेजारी, त्या त्याचा प्रत्येक नवा शब्द तारखेखाली लिहून ठेवतात. गेल्या महिन्यात मी पाहिलं तेव्हा एका चौकोनात ‘आजी ये’ असं लिहिलेलं होतं.