या चुका टाळा: कस्टर्ड सॉस कधी उकळायचा, कधी नाही

आपल्याकडे बहुतेक घरांत कस्टर्ड म्हणजे डब्यातली पावडर. कोरडी असताना फिकट गुलाबीसर, दूध लागलं की पिवळीधमक. दूध तापवायचं, कालवलेली पावडर घालायची, चांगली उकळी आणायची, गार करून फळं घालायची. याच सवयीने अंड्याचं कस्टर्ड करायला घेतलं की पातेल्यात गोड भुर्जी होते. माझं पहिलं पातेलं असंच गेलं आणि पाच अंड्यांचे बलक वाया गेले. तेव्हापासून मी शिकवताना कृतीच्या आधी एकच गोष्ट सांगते: ही दोन कस्टर्डं नावाने सारखी असली तरी त्यांचे नियम उलटे आहेत.

कारण इतिहासातच आहे. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड यांनी 1837 मध्ये कस्टर्ड पावडर बनवली, कारण त्यांच्या पत्नीला अंडी सोसत नसत. म्हणजे ही पावडर मुळात अंड्याला पर्याय म्हणूनच आली. तिच्यात मुख्यतः कॉर्नफ्लोअर, रंग आणि वास असतो. कॉर्नफ्लोअर उकळीजवळ गेल्याशिवाय पुरतं शिजत नाही. बलक मात्र दूध-साखरेत मिसळलेला असताना साधारण 78 ते 82 अंशांना दाटतो आणि 85 च्या पुढे गेला की फुटतो. सगळा खेळ या चार-पाच अंशांचा आहे.

अंड्याच्या सॉससाठी माझं प्रमाण असं: अर्धा लिटर दूध, पाच बलक, 75 ग्रॅम साखर, चिमूटभर मीठ, शेवटी व्हॅनिला. गावठी अंडी लहान असतात, ती असतील तर सहा घ्या. दूध फुल क्रीमचंच हवं. त्यात 6 टक्के स्निग्धांश असतो, डबल टोन्डमध्ये दीड. दीड टक्क्याच्या दुधाचा सॉस दाटला तरी जिभेवर पाणचटच लागतो.

पहिली चूक चुलीपासून लांबच होते. बलकावर साखर ओतून ठेवायची आणि दुधाकडे बघायला जायचं. साखर बलकातलं पाणी ओढून घेते, जिथे ती टेकते तिथे बलकाचे कडक कण होतात आणि ते पुढे विरघळत नाहीत. साखर घातली की लगेच फेटा, रंग फिका होईपर्यंत. बलक वेगळा करतानाही घाई नको. पांढरं बलकाच्या आधीच गोठतं, म्हणून ते जास्त राहिलं तर सॉसमध्ये पांढरे दोरे दिसतात.

दूध वाफाळेपर्यंत तापवा आणि बलकात आधी एक डावभर, अगदी बारीक धारेने, हात न थांबवता घाला. मग दुसरा डाव, मग उरलेलं. उलटं करू नका. गरम दुधात बलक ओतला की तो पडेल तिथेच शिजतो.

आता खरी परीक्षा. मिश्रण जाड बुडाच्या स्टीलच्या पातेल्यात, मंद आचेवर. ॲल्युमिनियमचं पातेलं टाळा, त्यात फेटणी घासली की सॉसला करडी छटा येते. लाकडी चमच्याने तळ आणि कडा खरवडत राहा, कारण आधी तिथेच गोठतं. आठ-दहा मिनिटं काहीच होत नाहीसं वाटतं. नेमकं याच वेळी लोक आच वाढवतात, आणि वाढवलेली आच बलकाला पुढच्या अर्ध्या मिनिटात गाठते. धीर धरा. वरचा फेस विरायला लागला की दाटपणा जवळ आला असं समजा. चमच्याच्या पाठीवर थर बसला आणि बोटाने ओढलेली रेघ मिटली नाही, की झालं. स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर 80 वर थांबा. भीती वाटत असेल तर उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर भांडं ठेवून करा. वेळ जास्त लागतो, पण सॉस हातात राहतो.

गॅस बंद केला म्हणजे शिजणं थांबलं, असं होत नाही. तापलेलं पातेलं आणखी दोन-तीन अंश चढवतं. सॉस ताबडतोब गाळणीतून गार भांड्यात काढा आणि ते भांडं बर्फाच्या पाण्यात ठेवा. ही एक पायरी वगळल्यामुळे मी जितकी कस्टर्डं फुटलेली पाहिली आहेत, तितकी दुसऱ्या कशानेच नाहीत.

फुटलंच तर? नुकते बारीक कण दिसायला लागले असतील तर लगेच गार भांड्यात ओता, दोन चमचे थंड दूध घालून मिक्सरमधून काढा आणि गाळा. पोत पहिल्यासारखा मखमली होत नाही, पण सॉस वाढण्याजोगा होतो. मोठे गोळे झाले आणि अंड्याचा उग्र वास आला तर मात्र काही करता येत नाही.

पावडरचं कस्टर्ड

इथे गाठी होतात त्या पावडर गरम दुधात टाकल्यामुळे. थंड दुधात, तेही थोड्याशाच, कालवा. सॉस ओतण्याजोगा हवा असेल तर अर्ध्या लिटरला दीड मोठा चमचा पावडर पुरते, कारण गार झाल्यावर तो आणखी दाटतो. मग नीट खदखदू द्या. कच्चट पिठूळ चव राहिली तर तो पावडरचा दोष नसतो, उकळी अर्धवट राहिलेली असते. पावडरऐवजी कॉर्नफ्लोअर वापरत असाल तर पांढरं, रेशमासारखं मऊ तेच घ्या, मक्याचं पिवळं पीठ नव्हे.

बलक आणि कॉर्नफ्लोअर दोन्ही घातले तर नियम कोणाचा? कॉर्नफ्लोअरचा. पिठामुळे बलक सहज फुटत नाही, त्यामुळे ढवळत मिनिटभर उकळता येतं, आणि उकळायलाच हवं. बलकात स्टार्च तोडणारं एक एन्झाइम असतं. ते उकळीने मेलं नाही तर संध्याकाळी दाट असलेलं कस्टर्ड सकाळी फ्रिजमध्ये पाणी झालेलं दिसतं. असंच एन्झाइम आपल्या लाळेतही असतं. म्हणून चव घेतलेला चमचा परत पातेल्यात घालू नका. उष्टं नको, या घरातल्या नियमाला इथे दाटपणाचंही कारण आहे.

फळं घालताना अननस, किवी आणि कच्ची पपई टाळा. त्यातली एन्झाइमं दुधातली प्रथिनं तोडतात आणि कस्टर्ड कडू होतं. अननस हवाच असेल तर साखरेत शिजवून, गार करून घाला. संत्र्याच्या फोडी वाढताना वरून ठेवा. साखरेऐवजी गूळ घालायचा असेल तर उकळत्या दुधात नको, दूध फाटू शकतं.

साय धरू नये म्हणून सॉसला टेकेल असा बटर पेपर वर ठेवा. अंड्याचं कस्टर्ड फ्रिजमध्ये दोन दिवस चांगलं राहतं. वाढताना ते परत गरम करायला जाऊ नका. कोमट हवं असेल तर वाटी गरम पाण्यात ठेवून अधूनमधून हलवा.