हुमणी मारायची ती वळवाच्या संध्याकाळीच

हुमणी म्हणजे उसाची मुळं खाणारी अळी. ती निघते भुंगेऱ्याच्या अंड्यातून, म्हणून आधी भुंगेराच मारायचा. वळवाचा पहिला दणका बसला, जमीन चांगली भिजली, की त्या संध्याकाळी बाकीची कामं बाजूला ठेवा आणि बांधावरच्या कडुलिंबाखाली जाऊन उभे राहा. साडेसात-आठच्या सुमारास तपकिरी भुंगेरे मातीतून निघून कडुलिंब, बाभूळ, बोरीवर येतात. तिथेच मिलन, तिथेच पाला खाणं, आणि उजाडायच्या आत परत जमिनीत. एक मादी 50-60 अंडी घालते. हिशेब तुम्हीच करा.

झाडाखाली ताडपत्री किंवा जुनं लुगडं अंथरा, फांद्या काठीने हलवा, पडलेले भुंगेरे वेचून रॉकेल टाकलेल्या पाण्यात बुडवा. माझा अंदाज असा, की वारं पडलेलं आणि हवा कोंदट असेल तेव्हा ते जास्त निघतात. पावसानंतरच्या चार-पाच संध्याकाळी तरी चुकवू नका. एकट्याने भागत नाही. शेजाऱ्याच्या बाभळीवरचा भुंगेरा तुमच्याच सरीत अंडी घालतो, म्हणून सगळ्या वस्तीने एकदम उतरा.

हे होत नाही, आणि ऑगस्ट-सप्टेंबरात विचारणा सुरू होते, "खोडवा पिवळा पडलाय, काय टाकू?" (खोडवा म्हणजे तोडणीनंतर बुडख्यातून पुन्हा फुटलेला ऊस.) अशा फडात ऊस धरून ओढला तर बेट अलगद हातात येतं. मुळं नाहीतच. बुडाच्या मातीत इंग्रजी 'सी'सारख्या वळलेल्या पांढऱ्या, जाड अळ्या. तोंड तपकिरी, शेपटाकडून आतली काळी माती दिसते. एवढ्या वाढलेल्या अळीला औषध फारसं लागत नाही. बैल गेला नि झोपा केला! पण दुकानात नेमक्या तेव्हाच महागडी बाटली गळ्यात मारतात. मुळी वाढवणाऱ्या टॉनिकने हुमणी मरत नाही. फोरेट या कीटकनाशकाच्या वापरावर 2020 अखेरपासून बंदी आहे. 'जुना माल आहे' म्हणून कोणी दिला तरी घेऊ नका.

बाकीची कामं:
- उन्हाळ्यात खोल नांगरट. उघड्या पडलेल्या अळ्या वेचणे.
- शेणखत पूर्ण कुजलेलंच.
- मेटारायझियम (अळीला मारणारी बुरशी) एकरी 8 किलो, शेणखतात मिसळून, जमिनीत ओल असताना.
- उसात अळ्या लहान असताना, जून-जुलैत: फिप्रोनिल 40% + इमिडाक्लोप्रिड 40% हे मिश्र कीटकनाशक एकरी 200 ग्रॅम, 400-500 लिटर पाण्यातून बुडाशी आळवणी. हातमोजे घालूनच.

पाऊस यायच्या आत बांधावरची झाडं एकदा फिरून बघा, काठी फांदीला पोहोचते का ते पाहा, आणि बॅटरी चार्ज करून ठेवा.