जुन्या फियाटचं बॉनेट उघडताय? आधी या चुका टाळा

माहीमला आमच्या बिल्डिंगच्या मागच्या बाजूला, पाण्याच्या टाकीशेजारी, माझी प्रीमियर पद्मिनी उभी असते. आरसी बुकात काहीही लिहिलेलं असो, घरात आणि बिल्डिंगमध्ये ती ‘फियाट’च. दोन वर्षांपूर्वी एका रविवारी मी तिची ‘सर्व्हिस’ करायला घेतली. सकाळी व्यवस्थित चालू होणारी गाडी दुपारी तीन वाजता ठार बंद. सेल्फ फिरतोय, बॅटरी उतरत चाललीय, इंजिन साधं शिंकतसुद्धा नाही.

पहिल्या मजल्यावरचे काका खाली आले. तीस वर्षं टॅक्सी चालवलेला माणूस.

“काय काय काढलंस?”

“पॉइंट बदलले, कंडेन्सर बदलला, प्लग साफ केले आणि कार्बोरेटरपण खोलला.”

“सकाळी चालू होत होती?”

“हो.”

“मग खोललीस कशाला? आणि खोललीस तर खोललीस, चारही एकदम? आता कुठं शोधायचं?”

जुन्या गाडीवर घरी काम करणाऱ्यांची पहिली आणि सगळ्यात महाग चूक हीच. रविवार एकच असतो, उत्साह भरपूर असतो, म्हणून सगळं एका दमात उरकायचं. एक गोष्ट बदला, गाडी चालू करून बघा, एक चक्कर मारा, मग दुसरीला हात लावा. वेळ जास्त जातो खरा, पण बिघडलं तर कशामुळे बिघडलं हे सांगावं लागत नाही.

त्या दिवशी काकांनी घरून एक बल्ब आणला, १२ व्होल्टचा, दोन वायरी जोडलेला. एक वायर बॉडीला, दुसरी कॉइलच्या त्या टोकाला जिथून बारीक वायर डिस्ट्रिब्युटरकडे जाते. “मार सेल्फ.” पॉइंट म्हणजे डिस्ट्रिब्युटरमधला, कॉइलचा करंट चालू-बंद करणारा छोटा स्विच. ते उघडले की बल्ब लागायला हवा, मिटले की विझायला हवा, म्हणजे सेल्फ फिरताना बल्बची उघडझाप दिसते. सतत पेटलेलाच राहिला तर पॉइंट मिटत नाहीत किंवा त्यांच्यावर तेल, घाण बसलीय. पेटतच नसेल तर आधी कॉइलच्या दुसऱ्या टोकाला करंट येतोय का बघायचं. येत असेल, तर पॉइंटकडची वायर कुठंतरी बॉडीला टेकतेय. आमचा बल्ब पेटलाच नाही.

डिस्ट्रिब्युटरची कॅप काढून बघितलं तर पॉइंटच्या स्क्रूखाली जो छोटा फायबरचा वॉशर असतो, शर्टच्या बटणाएवढा, तो मी लगच्या, म्हणजे वायरच्या टोकाच्या पत्रीच्या, चुकीच्या बाजूला बसवला होता. लग प्लेटला टेकत होता. पॉइंट उघडोत नाहीतर मिटोत, करंट बॉडीतच जात होता. वॉशर जागेवर गेला आणि पहिल्या सेल्फला इंजिन उठलं. तेव्हापासून काहीही सुटं करण्याआधी मी मोबाइलवर फोटो काढतो. एक लांबून, दोन जवळून.

पॉइंटचा विषय निघालाच आहे तर जरा थांबू, कारण घरगुती चुकांचा निम्मा कारखाना इथेच चालतो. गॅप मोजायची ती पॉइंटची फायबरची टाच कॅमच्या उंचवट्यावर असताना, म्हणजे पॉइंट पूर्ण उघडलेले असताना. अर्धवट उघडलेल्या जागी मोजलं तर आकडा खोटा येतो. फियाटला साधारण ०.४ ते ०.५ मिलिमीटरच्या दरम्यान धरतात. नेमका आकडा तुमच्या गाडीच्या पुस्तकात बघा आणि फीलर गेजनेच मोजा. गेजच्या पातीवर कारखान्यातलं तेल असतं, ते आधी पुसा, नाहीतर तेच तेल पॉइंटवर बसून जळतं. पॉलिश पेपर मारला असेल तर खाली पडलेला भुगा कोऱ्या कापडाने टिपून घ्या. आणि कॅमवर ग्रीसचा एक ठिपका, तुरीच्या डाळीएवढा. तो विसरला तर टाच झिजते, गॅप कमी होते, टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) मागे जातं, आणि दोन महिन्यांनी आपण ‘पिकअप गेला’ म्हणून कार्बोरेटर खोलतो.

प्लग घट्ट करतानाही ताकद दाखवू नका. या इंजिनाचं हेड अ‍ॅल्युमिनियमचं आहे. प्लग आधी हाताने, बोटांनीच, पूर्ण आत फिरला पाहिजे. पहिल्याच आट्यात अडकला तर तो वाकडा लागलाय. पाना लावून रेटलात तर आटे जातील, आणि मग हेड उतरवायची वेळ येईल. इंजिन गरम असताना प्लग काढूही नका.

मे महिन्यात सायनच्या सिग्नलला गाडी बंद पडते, वीस मिनिटं थांबलं की चालू होते. हा अनुभव प्रत्येक फियाटवाल्याला आहे. आता चूक काय होते? कोणी म्हणतो कॉइल गरम झाली, आपण कॉइल बदलतो. कोणी म्हणतो पंप, आपण पंप बदलतो. सहा हजार घालवूनही गाडी तिथेच बंद. याचं निदान फक्त ती बंद पडलेली असतानाच होतं, घरी थंड झाल्यावर नाही. मागचे हॉर्न ऐकू येत असले तरी गाडी बाजूला ढकला. बॉनेट उघडा, एका प्लगची वायर काढून जुना प्लग तिला लावा, तो धातूला नीट टेकवून ठेवा आणि सेल्फ मारायला सांगा. ठिणगी निळी आणि खणखणीत असेल तर कॉइलला माफ करा. ठिणगी नसेल किंवा पिवळट, मेलेली असेल तर कॉइल किंवा कंडेन्सर. ठिणगी ठीक असेल तर पेट्रोल वाफ होऊन पाइपात अडकलंय, व्हेपर लॉक. जुने टॅक्सीवाले पंपावर ओलं फडकं टाकायचे ते उगाच नाही. ठिणगीची परीक्षा घेताना पेट्रोलचा पाइप सुटा नसावा, हे वेगळं सांगायला नको, तरी सांगतो.

नवीन कंडेन्सरवर आंधळा विश्वास ठेवू नका, हेही इथेच सांगून टाकतो. माझ्याकडे पाकिटातून काढलेले दोन नवेकोरे कंडेन्सर आठवड्याभरात गेले. जुना चालत असेल तर तो फेकू नका. डिकीत डब्यात ठेवा.

पेट्रोलचं दुसरं दुखणं नवीन आहे. पंपावर आता २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल मिळतं, आणि इथेनॉल दोन गोष्टी करतं: जुनं रबर खातं आणि हवेतली ओल ओढतं. चाळीस वर्षांपूर्वीचे पाइप, पंपाचा पडदा, कार्बोरेटरमधली रबरं त्यासाठी बनलेलीच नाहीत. पाइप हाताने वाकवून बघा. तडा दिसला, चिकट लागला किंवा बॉनेट उघडताच पेट्रोलचा वास आला तर त्याच दिवशी बदला, आणि दुकानदाराला इथेनॉलला टिकणारा पाइपच मागा. पाऊस संपल्यावर गाडी धापा टाकत चालत असेल तर टाकीच्या तळाला पाणी साठलेलं असू शकतं. बरेच जण मग कार्बोरेटरमधला जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारा बारीक भोकाचा तुकडा, काढून त्यात तांब्याची तार नाहीतर पिन घालतात. करू नका. जेट पितळेचा असतो, त्याचं भोक केसभर मोठं झालं तरी गाडी जास्त पेट्रोल पिते आणि ते भोक परत बारीक होत नाही. क्लीनर मारा, हवा मारा, बास.

‘गाडी हीट होते, थर्मोस्टॅट काढून टाक,’ हा सल्ला मुंबईतल्या प्रत्येक गॅरेजमध्ये फुकट मिळतो. थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी अडवणारा व्हॉल्व्ह, पण बहुतेक वेळा दोष रेडिएटरमध्ये साचलेल्या गाळाचा, सैल फॅन बेल्टचा किंवा मागे गेलेल्या टायमिंगचा असतो. बेल्ट मध्यावर अंगठ्याने दाबा. सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर दबला पाहिजे. आणि रेडिएटरमध्ये बोअरवेलचं पाणी ओतू नका. टँकरच्या दिवसांत सोसायटीच्या नळाला तेच येतं हे मान्य, पण अ‍ॅल्युमिनियमचं हेड आतून खाल्लं जातं. डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट, एवढं तरी करा.

आता गंज. मुंबईत, त्यातही समुद्रापासून हाकेच्या अंतरावर राहणाऱ्याने इंजिनापेक्षा पत्र्याची काळजी जास्त करावी असं माझं स्पष्ट मत आहे. इंजिन पुन्हा बांधता येतं. खालचा पत्रा गेला की डेंटर-पेंटरच्या दारात महिनाभर बसायची तयारी ठेवा.

पहिली चूक प्लास्टिकच्या कव्हरची. जूनमध्ये गाडी झाकायची आणि गणपतीला उघडायची. आत वाफ कोंडते, पाणी बाहेर जात नाही. मी एकदा असं केलं. ऑगस्टमध्ये ड्रायव्हरच्या पायाखालची रबर मॅट उचलली तर खालचा गालिचा पिळता येईल इतका ओला, आणि त्याखाली पत्र्यावर चहाच्या डागासारखं तांबूस वर्तुळ. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने हळूच ठोकलं तर मधोमध आवाज बदलला. चांगला पत्रा टणक वाजतो, कुजलेला पुठ्ठ्यासारखा. कापडी, हवा खेळती ठेवणारं कव्हर घ्या, आणि कोरड्या दिवशी ते काढून चारही दरवाजे दोन तास उघडे ठेवा. दरवाज्यांच्या खालच्या कडेला बारीक भोकं असतात, पाणी निघून जायला. ती धुळीने बुजतात. माचिसच्या काडीने मोकळी करा. पेंटरने नवा रंग मारताना तीच भोकं पुट्टीने बंद केली असतील तर दरवाजा आतून कुजतो.

दुसरी चूक: गंजावर काळा डांबरी कोट मारून मोकळं होणं. वरून चकाचक, खाली गंज सुखाने वाढतो. आधी खरवडा, वायर ब्रशने पांढरा पत्रा दिसेपर्यंत घासा, जिथे घासता येत नाही तिथे रस्ट कन्व्हर्टर लावा, मग प्रायमर, मग कोट. आणि हे एकाच दिवसात. उघडा पत्रा रात्रभर ठेवलात तर इथल्या हवेत सकाळी त्यावर केशरी पावडर दिसेल. माझ्या डिकीच्या कडेला असं झालं, आणि दोन तासांचं घासकाम परत करावं लागलं. रंगाचं काम पावसाळ्यात काढूच नका. दमट हवेत एनसी (नायट्रोसेल्युलोज) पेंटवर पांढुरकी साय धरते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, तेवढेच दिवस.

वायरिंगबद्दल थोडक्यात. फ्यूज उडतोय म्हणून सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळू नका. त्या चांदीने गाड्या पेटल्यात. दिवे मंद, सेल्फ सुस्त असेल तर नवी बॅटरी घेण्याआधी अर्थिंग तपासा. मल्टिमीटर बॅटरीच्या निगेटिव्हला आणि इंजिनच्या उघड्या धातूला लावा, सेल्फ मारा. अर्ध्या व्होल्टच्या वर दाखवलं तर अर्थिंगची पट्टी गंजलीय किंवा तिचा बोल्ट सैल आहे. चांगली चार्ज झालेली बॅटरी उभ्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. काम सुरू करताना निगेटिव्ह आधी काढा, शेवटी जोडा.

ब्रेकचं काम मात्र पहिल्यांदा एखाद्या जाणत्या मेकॅनिकच्या शेजारी बसून करा. तरी ज्या चुका जीवावर येतात त्या लिहितो. पेव्हर ब्लॉकवर जॅक लावून गाडीखाली जाऊ नका. ब्लॉक खचतो, जॅक कलतो. खाली जाड फळी, आणि गाडी घोड्यांवर (जॅक स्टँडवर) टेकवलेली हवी. ड्रम उघडला की आतली काळी धूळ तोंडाने फुंकू नका, हवाही मारू नका, जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचं. ओल्या फडक्याने पुसा. ब्रेकच्या रबरांना इंजिन ऑइल किंवा पेट्रोल लागलं तर ती फुगतात. ब्रेक ऑइल रंगावर सांडलं तर रंग सोलतं, लगेच पाण्याने धुवा. पेडल दोन-तीनदा मारल्यावर कडक होत असेल तर लाइनमध्ये हवा आहे किंवा शूज लांब गेलेत. पाय ठेवून दाबल्यावर हळूहळू खाली जात असेल तर गळती शोधा, आणि गळती नसेल तर मास्टर सिलिंडर बघा. हवा काढताना वरची टाकी रिकामी होऊ दिलीत की सगळं पहिल्यापासून. सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात करा.

सुटे भाग घ्यायला ऑपेरा हाऊस किंवा कुर्ल्याचा सीएसटी रोड. जाताना जुना भाग पिशवीत न्या. ‘फियाटचा चालेल’ या शब्दावर घेतलेली तीन वॉटर पंपांची पॅकिंग माझ्याकडे अजून पडून आहेत, तिन्हींची भोकं वेगळी. जी गाडी याच कुर्ल्यात प्रीमियरच्या कारखान्यात बनली तिचा भाग शोधायला इतकं फिरावं लागतं याची गंमत वाटते. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची २० वर्षांची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली, आणि त्या टॅक्सींवर हात बसलेले बरेच मिस्त्री दुसऱ्या कामाला लागले. म्हणून मूळ भाग, कितीही कळकट असले तरी, भंगारात देऊ नका. व्हिंटेज गाड्यांचे २०२१ चे नियम ५० वर्षांवरच्या आणि मूळ रूपात जपलेल्या गाड्यांसाठी आहेत. १९७४ सालच्या पद्मिनी आता त्या वयाच्या झाल्यात.

राहिली ती दर रविवारी पाच मिनिटं इंजिन चालू करून बंद करण्याची सवय. आपल्याला वाटतं गाडी जिवंत ठेवतोय. खरं तर सायलेन्सरमध्ये पाणी धरतं, ते तापून उडून जाण्याआधी आपण किल्ली काढतो, आणि सेल्फने खाल्लेली बॅटरीही भरून निघत नाही. तेवढ्यापेक्षा पंधरा दिवसांतून एकदा सकाळी साडेसहाला निघा. मी माहीमहून वरळीमार्गे मरीन ड्राइव्हला जातो, गाडी बंद न करता फिरून परत येतो. काका पुढच्या सीटवर असतात आणि वरळीपर्यंत माझ्या क्लचवर बोलतात.