घरात लहान मुलं आहेत आणि छोटा कुत्रा घ्यायचाय? या चुका टाळा

मुलं लहान आहेत म्हणून कुत्रापण छोटाच घेऊ, म्हणजे सेफ राहील, असं खूप जण म्हणतात आणि पहिली चूक नेमकी इथेच होते. चिहुआहुआ, यॉर्की, पोमेरेनियन ही मंडळी साधारण 2-3 किलोची, हाडं अगदी नाजूक, तीन वर्षांच्या मुलाने उचललं आणि हातातून निसटलं तरी पाय मोडू शकतो. आपल्या बाळांची टाळू भरते ना, तशी काही चिहुआहुआंची मोठेपणीसुद्धा पूर्ण भरत नाही, म्हणजे डोक्याला लागलेला साधा मारही महागात पडू शकतो. आणि ज्या कुत्र्याला सारखं दुखतं, सारखी भीती वाटते तो एक दिवस चावणारच, त्यात त्याचा काय दोष? माझं स्पष्ट मत आहे की मूल पाच-सहा वर्षांच्या आत असेल तर 5 किलोच्या खालचा कुत्रा नकोच, थोडा भरलेला बघा. आणि कोणी 'टीकप' म्हणून मुठीएवढं पिल्लू दाखवलं तर सरळ नाही म्हणा. टीकप नावाची ब्रीडच नाहीये, ती मुद्दाम बारीक ठेवलेली पिल्लं असतात, एक वेळचं खाणं चुकलं तरी त्यांची शुगर एकदम खाली येऊ शकते.

दुसरी चूक म्हणजे फोटो बघून ब्रीड ठरवणं. अरे, तो कुत्रा मुळात कुठल्या कामासाठी तयार केला ते तर बघा! जॅक रसेल कोल्ह्याच्या शिकारीसाठी होता, त्यामुळे ओरडत धावणारी मुलं दिसली की तो मागे पळणार, आणि रोज दमेपर्यंत पळवला नाही तर घर डोक्यावर घेणार. बीगल मुलांमध्ये मस्त रमतो पण तो वासाच्या मागे जाणारा शिकारी कुत्रा, आवाज मोठा, दार उघडं राहिलं की गेलाच. डॅशहंड बिळात घुसायला बनवलेला, लांब पाठ आणि आखूड पाय, त्याच्या मणक्यातली गादी सरकायचा धोका खूप असतो, म्हणून मुलांनी पुढचे दोन पाय धरून उचलणं एकदम बंद. एक हात छातीखाली आणि दुसरा मागच्या बाजूला खालून, असंच उचलायचं, आणि खरं तर लहान मुलाने उचलूच नये, खाली बसून मांडीवर येऊ द्यावं.

कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्वभावाने फार गोड, मुलांसाठी मला सगळ्यात आवडणारी ब्रीड, पण हृदयाच्या झडपेचा आजार त्यांच्यात खूप, त्यामुळे पिल्लाच्या आईवडिलांची हार्ट टेस्ट झालीय का हे विचारल्याशिवाय घेऊ नका. शिह त्झू पण शांत, फक्त रोज विंचरायची तयारी हवी. पग ब्रीडच्या कुत्र्याला चपट्या नाकामुळे श्वासाचा त्रास होतो, त्याला उन्हात मुलांबरोबर पळवायचं नाही.

केस गळत नाहीत म्हणजे ॲलर्जी होणार नाही, हेही चूक. ॲलर्जी लाळेतून आणि कोंड्यातून येते, त्यामुळे मुलाला दमा वगैरे असेल तर आधी त्या कुत्र्याजवळ दोन-तीनदा बसवून बघा. आणि 8 आठवड्यांच्या आतलं पिल्लू आणू नका, आईजवळ आणि भावंडांमध्येच ते जोरात चावायचं नाही हे शिकतं. मोठा झालेला, मुलांची सवय असलेला कुत्रा दत्तक मिळत असेल तर तो तर उत्तमच, स्वभाव आधीच कळतो.

आता कुत्रा घरी आलाय आणि गडबड सुरू झालीय असं असेल तर. पिल्लू मुलांच्या टाचा पकडतंय, पँट ओढतंय? हा राग नाही, खेळ आणि दात येणं आहे, सहा-सात महिन्यांपर्यंत चालतं. मुलांना शिकवा की पळायचं नाही, ओरडायचं नाही, हात बांधून झाडासारखं उभं राहायचं, आणि पिल्लाच्या तोंडात चावायचं खेळणं द्या.

गुरगुरला म्हणून कुत्र्याला मारू किंवा ओरडू नका, प्लीज. गुरगुरणं म्हणजे त्याने दिलेली वॉर्निंग, ती बंद केली तर पुढच्या वेळी न सांगता चावेल. त्याच्याही आधी तो तोंड फिरवतो, सारखे ओठ चाटतो, जांभया देतो, डोळ्यांचा पांढरा भाग दिसायला लागतो, हे दिसलं की मुलाला बाजूला घ्या. जेवताना आणि झोपलेला असताना त्याच्याजवळ मुलं नकोत, त्याला एक कोपरा द्या जिथे मुलांनी जायचंच नाही. शांत कुत्रा अचानक चिडका झाला तर बहुतेक वेळा कुठेतरी दुखत असतं, आधी व्हेटला दाखवा. आणि कितीही गरीब स्वभावाचा असला तरी लहान मूल आणि कुत्रा दोघांनाच खोलीत सोडून जायचं नाही.

अजून एक, मुलांच्या हातातला खाऊ. चॉकलेट, द्राक्षं, मनुका, कांदा आणि झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ) असलेलं शुगरफ्री च्युइंगगम कुत्र्यांना विषारी आहे, आणि वजन कमी म्हणून छोट्या कुत्र्याला थोडंसंही बाधतं. खाल्लं असं कळलं तर उलटी होतेय का वाट बघत बसू नका, रॅपर हातात घेऊन लगेच व्हेटला फोन करा, काय आणि किती खाल्लं हे सांगता येतं.